किट कारला डोनर गाडीचा ब्रेक-प्रेशर व्हॉल्व्ह लावताना: आधी मोजा, मग ठरवा

ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजात किट कार, म्हणजे सुटे भाग जोडून स्वतःची गाडी, बांधणाऱ्यांची एक रुळलेली वाट आहे. जुनी फोर्ड सिएरा विकत घ्यायची (भाग पुरवणारी ही गाडी म्हणजे डोनर) आणि तिचं इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हब आणि ब्रेक उतरवून ते लोटस सेव्हनच्या धर्तीच्या हलक्या दोन-आसनी चासीवर चढवायचे. सिएरा १९८२ ते १९९३ या काळात बनली आणि ती मागच्या चाकांवर चालते, म्हणून ती सोयीची. तिच्याआधी हे काम एस्कॉर्ट मार्क २ करायची, आता बऱ्याच जागी माझदा एमएक्स-५ करते. भाग उतरवताना मागच्या ब्रेकच्या पाइपात बहुधा एक धातूचा छोटा ठोकळा हाती येतो. त्याला दोन किंवा अधिक पाइप जोडलेले असतात. हाच प्रेशर व्हॉल्व्ह.

काही जण तो जसाच्या तसा नव्या गाडीत बसवतात, "कंपनीने दिलाय म्हणजे बरोबरच असणार" या भरवशावर. काही जण भंगारात टाकतात. आकडेमोड न करता घेतलेले हे दोन्ही निर्णय मला धोक्याचे वाटतात. तो व्हॉल्व्ह बाराशे किलोच्या गाडीसाठी ठरवलेला आहे आणि तुमची गाडी त्याच्या जेमतेम निम्मी भरते. त्याला अनोळखी पाहुणा समजा, त्याचा दाब मोजा आणि मगच त्याला घरात घ्या.

मागची चाकं आधी का जाम होऊ द्यायची नाहीत

जाम झालेल्या टायरची आडवी पकड जवळपास संपते. पुढची चाकं जाम झाली तर स्टिअरिंग चालत नाही, पण गाडी सरळ रेषेत घसरत राहते. ब्रेक थोडा सोडला की ताबा परत येतो. मागची चाकं आधी जाम झाली तर मागचा भाग पुढे यायला बघतो आणि गाडी गरकन फिरते. छोट्या व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेल्या, हलक्या गाडीत हे इतक्या वेगाने होतं की सावरायला वेळ मिळत नाही.

ब्रेक लागला की वजनाचा काही भाग मागच्या चाकांवरून पुढच्यांवर सरकतो. एसटीत उभा असलेला माणूस ब्रेक लागल्यावर पुढे झुकतो, तसंच. किती सरकतो ते तीन गोष्टींवर ठरतं: गाडी किती जोरात थांबते, गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे आणि व्हीलबेस किती आहे. हळू ब्रेक मारताना मागची चाकं बरंच काम करू शकतात, जोरात मारताना कमी. कॅलिपर आणि डिस्कचे आकार मात्र ठरलेले असतात, त्यामुळे पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण दाब वाढला तरी तेच राहतं. ते प्रमाण वरच्या टोकाला वाकवण्यासाठी व्हॉल्व्ह असतो.

ब्रिटनमध्ये स्वतः बांधलेल्या गाडीला रस्त्यावर आणण्याआधी आयव्हीए ही तपासणी पास करावी लागते. २००९ मध्ये ती जुन्या एसव्हीएच्या जागी आली आणि आता डीव्हीएसए ही सरकारी संस्था ती घेते. प्रवासी गाडीसाठी तिथे अपेक्षा अशी, की ०.१५ ते ०.८ जी या मंदनाच्या (वेग कमी होण्याच्या दराच्या; १ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका) पट्ट्यात पुढची चाकं मागच्यांच्या आधी जाम व्हायला हवीत. हा नियम कागदी नाही. सगळं गणित याच पट्ट्यासाठी करायचं आहे.

पायरी १: हातात काय आहे ते ओळखा

डोनर गाडी उभी असतानाच, एकही पाइप न सोडता, व्हॉल्व्हचे फोटो काढा. कोणता पाइप कुठून आला, बाण कुठे आहे, ब्रॅकेट किती तिरकी आहे हे सगळं फोटोत आलं पाहिजे. एकदा व्हॉल्व्ह बादलीत पडला की ही माहिती कायमची गेली.

प्रकार चार. पहिला, दाब अडवणारा: ठरलेल्या दाबाला तो मागचा रस्ता पूर्ण बंद करतो आणि पुढे मागचा दाब वाढतच नाही. दुसरा, दाब कमी प्रमाणात वाढवणारा, म्हणजे प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. एका बिंदूपर्यंत पुढचा-मागचा दाब सारखा राहतो, त्यानंतर मागचा हळू चढतो. आलेखात रेषा जिथे मोडते त्याला मी इथे वळणबिंदू म्हणतो. किट कारमध्ये सर्वात जास्त भेटतो तो हाच. एमएक्स-५च्या पहिल्या पिढीत तो इंजिनाच्या कप्प्याच्या मागच्या भिंतीवर बसवलेला असतो.

तिसरा भारावर चालतो. त्याचा एक दांडा किंवा स्प्रिंग मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली असते. मागे सामान भरलं आणि गाडी खाली बसली की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. व्हॅन आणि इस्टेट गाड्यांत हा असतो. याच्याबद्दल माझं मत ठाम आहे: किट कारमध्ये लावू नका. तुमच्या स्प्रिंगा वेगळ्या, चाकाची वरखाली हालचाल वेगळी, दांड्याची लांबी जमणार नाही. तो एकाच जागी अडकून बसेल आणि कोणता दाब देईल हे कुणालाच सांगता येणार नाही.

चौथा जडत्वाचा. आत उतारावर एक पोलादी गोळी बसलेली असते. गाडी पुरेशी जोरात थांबली की गोळी उतार चढून झडप बंद करते, आणि त्यानंतर मागचा दाब कमी गतीने वाढतो किंवा थांबतो. ठोकळा हलवला की आत गोळी खडखडते, त्यावरून ओळख पटते. हा प्रकार तत्त्वाने हुशार आहे. तो दाब बघत नाही, मंदन बघतो. त्यामुळे हलक्या गाडीतही ठरलेल्या मंदनालाच जागा होतो. पण त्याचं सगळं शहाणपण बसवण्याच्या कोनात आहे. गोळी ०.३ जीला चढायची असेल तर उतार साधारण १७ अंशांचा लागतो. बसवताना तो चुकून १२ अंश झाला तर गोळी ०.२ जीलाच चढते आणि मागचे ब्रेक अर्धवट झोपून राहतात. म्हणून डोनर गाडी सपाट जमिनीवर, टायरमध्ये योग्य हवा असताना, कोनमापकाने व्हॉल्व्हचा कोन मोजा आणि वहीत लिहा. मोबाइलमधला कोनमापक चालेल, पण आधी तो सपाट फरशीवर शून्य दाखवतो का ते पाहा. नव्या चासीतही हाच कोन द्यायचा, तोही चासीच्या नळीशी नव्हे, जमिनीशी. सेव्हनसारख्या गाड्यांची चासी बऱ्याचदा किंचित नाक खाली करून उभी असते.

अमेरिकी डोनर घेणाऱ्यांसाठी एक सूचना. कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारच्या प्रतिकृतीसाठी फोर्ड मस्टँग वापरतात, तेव्हा तिचा जोड-व्हॉल्व्ह बहुधा सोबत येतो. त्या एकाच ठोकळ्यात मागचा दाब कमी करणारा भाग, एका बाजूचा दाब गेल्यास दिवा लावणारा स्विच, आणि काही प्रकारांत मागच्या ड्रमचे शू टेकेपर्यंत पुढच्या डिस्कला थांबवून ठेवणारा भागही असतो. चारही चाकांना डिस्क असतील तर शेवटच्या भागाचं काही काम उरत नाही.

पुढच्या चाकांनी चालणाऱ्या डोनरमध्ये वेगळी अडचण आहे. फिएस्टा, गोल्फ अशा गाड्यांत ब्रेकची विभागणी तिरकी असते: एका सर्किटमध्ये पुढचं डावं आणि मागचं उजवं, दुसऱ्यात उलट. त्यामुळे मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र व्हॉल्व्ह असतो, कधी मास्टर सिलिंडरमध्येच (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा भाग) फिरवून बसवलेला. हा मास्टर सिलिंडर पुढे-मागे विभागणीच्या किट कारला लावला, तर पुढच्या सर्किटच्या तोंडातही दाब कमी करणारा व्हॉल्व्ह राहू शकतो. असं झालं तर पुढचे ब्रेक मार खातात आणि मागचे आधी जाम होतात. मास्टर सिलिंडरच्या दोन्ही तोंडांत काय बसवलं आहे ते काढून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी २: गाडीचं वजन आणि गुरुत्वमध्य

चार चाकांखाली चार वजनकाटे, चालक आत बसलेला, टाकीत अर्धं पेट्रोल. सेव्हनसारख्या गाडीत चालक जवळपास मागच्या अ‍ॅक्सलला पाठ टेकून बसतो, म्हणून तो आत असणं महत्त्वाचं. रिकाम्या गाडीचा आकडा तुम्हाला चुकीच्या दिशेला नेईल.

गुरुत्वमध्याच्या उंचीसाठी मागची बाजू ठरलेल्या मापाने उचलायची आणि पुढच्या काट्यांवर किती वजन वाढलं ते बघायचं. त्याआधी सस्पेन्शन ठोकळे किंवा दांडे लावून घट्ट करा, नाहीतर गाडी स्प्रिंगांवर झुकून आकडा बिघडवेल. वाढलेलं वजन गुणिले व्हीलबेस, त्याला एकूण वजन गुणिले उचललेल्या कोनाच्या टॅन्जंटने भागा, आणि आलेल्या उत्तरात चाकाची त्रिज्या मिळवा. ६५० किलोची, २.३ मीटर व्हीलबेसची गाडी मागून अर्धा मीटर उचलली तर कोन सुमारे १२.५ अंशांचा होतो. गुरुत्वमध्य ०.४५ मीटरवर असेल तर पुढे फक्त १० किलोच्या आसपास वाढ दिसते. म्हणजे काट्यात एका किलोची चूक उंचीत दीड सेंटिमीटरहून जास्त चूक देते. अचूक काटे भाड्याने घेणं इथे परवडतं.

पायरी ३: आकडेमोड

आता याच गाडीचं उदाहरण पूर्ण करू. वजन चालकासह ६५० किलो, पुढे-मागे ५०:५०, व्हीलबेस २.३ मीटर, गुरुत्वमध्य ०.४५ मीटर, चाकाची त्रिज्या ०.२९ मीटर. सरकणारा भार म्हणजे वजन × मंदन × उंची ÷ व्हीलबेस. ०.२ जीला २५ किलो सरकतात, भाराचं प्रमाण ५४:४६ होतं. ०.८ जीला १०२ किलो सरकतात आणि प्रमाण सुमारे ६६:३४ होतं. मागच्या चाकांना किती काम द्यायचं, हे या दोन टोकांमधून कळतं.

ब्रेकची बाजू. पुढे ५४ मिलिमीटरचा एक पिस्टन आणि डिस्कची परिणामी त्रिज्या ९८ मिलिमीटर. मागे ३८ मिलिमीटरचा पिस्टन आणि १०५ मिलिमीटर. दोन्हीकडच्या पॅडचा घर्षणांक ०.४ धरू. मग एका बार दाबाला पुढच्या एका चाकावर सुमारे १८ न्यूटन-मीटर आणि मागच्या एका चाकावर ९.५ न्यूटन-मीटर इतका रोधक आघूर्ण मिळतो. प्रमाण ६५.३:३४.७, प्रत्येक दाबाला तेच.

ही रेषा भाराच्या रेषेला कुठे छेदते? ०.७८ जीला. त्याखाली पुढची चाकं आधी जाम होतात, त्यावर मागची. पट्टा ०.८ जीपर्यंत आहे, म्हणजे गाडी अगदी उंबरठ्यावर अडते. गुरुत्वमध्य दोन सेंटिमीटर उंच निघाला तर हाच बिंदू ०.७५ जीवर येतो. वजन ५०:५० ऐवजी पुढे ५२ टक्के निघालं तर ०.६८ वर. मागे ५२ टक्के असेल तर उलट ०.८८, म्हणजे व्हॉल्व्ह नसतानाही गाडी निभावते. सेव्हन धर्तीच्या बऱ्याच गाड्या व्हॉल्व्हशिवाय नीट चालतात, त्यामागे हे मागे झुकलेलं वजन आहे. शेजाऱ्याच्या गाडीत व्हॉल्व्ह नाही म्हणून तुमच्याही गाडीत नको, असं मात्र त्यावरून ठरवता येत नाही.

आता मुख्य मुद्दा, डोनरच्या व्हॉल्व्हचा. समजा त्याचा वळणबिंदू ३० बारवर आहे. हेच ब्रेक बाराशे किलोच्या सिएराला असताना ३० बारला गाडी ०.४८ जीने थांबत होती. व्हॉल्व्ह वेळेवर जागा व्हायचा. तुमच्या ६५० किलोच्या गाडीला ०.८ जीने थांबायला फक्त २७ बार लागतात, आणि ३० बार गाठेपर्यंत ती ०.८९ जीवर पोहोचलेली असते. म्हणजे ज्या पट्ट्यात व्हॉल्व्हची गरज आहे त्या पूर्ण पट्ट्यात तो झोपलेला. तो गाडीत आहे, पाइप जोडलेले आहेत, मालक निर्धास्त आहे आणि मागच्या ब्रेकला पूर्ण दाब जातो आहे.

सर्वो, म्हणजे पायाचा जोर वाढवून देणारा भाग, काढून टाकल्याने यात काही बदलत नाही. सर्वो नसला तर पाय जास्त जोरात दाबावा लागतो किंवा मास्टर सिलिंडर लहान व्यासाचा घ्यावा लागतो. एखाद्या मंदनाला ब्रेकपाशी लागणारा दाब तोच राहतो.

मागे ड्रम असतील तर हे गणित इतकं सरळ नाही. डिस्कमध्ये पॅडच्या दोन्ही बाजू मिळून ०.८ असा जो गुणक येतो, तो ड्रममध्ये शू स्वतःला ओढून घेत असल्याने दोनाच्या आसपास जातो आणि घर्षणांक थोडा बदलला तरी बराच हलतो. तिथे कागदावरचं उत्तर फक्त दिशा दाखवतं. खरा आकडा रोलर ब्रेक टेस्टरवर चाकाचा जोर मोजूनच मिळतो.

पायरी ४: व्हॉल्व्ह हवा की भाग बदलायचे

छेदनबिंदू ०.४ किंवा ०.५ जीवर आला तर व्हॉल्व्हच्या भानगडीत पडू नका. मागचा ब्रेक या गाडीला मुळातच मोठा आहे. व्हॉल्व्ह रेषेचं वरचं टोक वाकवतो, वळणबिंदूच्या खाली तो काहीच करत नाही. ओल्या रस्त्यावर, जिथे ०.४ जीलाच चाकं जाम होतात, तिथे तुम्ही उघडे पडाल. अशा वेळी मागचा लहान पिस्टन, लहान व्हील सिलिंडर किंवा पुढे मोठा कॅलिपर हा खरा इलाज. मागचा व्हील सिलिंडर २२ मिलिमीटरऐवजी १९ चा घेतला तर त्याच दाबाला मागचा जोर सुमारे २५ टक्क्यांनी उतरतो. त्यात हलणारा नवा भाग नाही, बिघडायचं काही नाही.

पॅडचा प्रकार बदलून तोल साधणं मला पटत नाही. पुढच्या मालकाने दुकानातून दुसरे पॅड आणले की सगळं गणित मोडतं.

दोन मास्टर सिलिंडर आणि त्यांच्यात पायाचा जोर वाटून देणारा दांडा, म्हणजे बायस बार, असलेलं पेडल घेणं हाही चांगला मार्ग आहे, पण बायस बार पूर्ण रेषा वरखाली करतो, तिला वाकवत नाही. शिवाय आयव्हीएसाठी तो कायमचा बंद करावा लागतो.

छेदनबिंदू ०.७ ते ०.८ जीच्या आसपास असेल, तेव्हा व्हॉल्व्ह योग्य. आपल्या उदाहरणाला हाच लागू पडतो. विल्वुड कंपनीचा गोल बटणाचा बदलता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह या कामासाठी बराच वापरला जातो. त्याचा वळणबिंदू साधारण १०० ते १००० पीएसआय, म्हणजे ७ ते ६९ बार या दरम्यान फिरवता येतो आणि वळणानंतर मागच्या दाबाची वाढ जास्तीत जास्त ५७ टक्क्यांनी कमी होते. टिल्टन आणि एपी रेसिंगचे लीव्हरचेही मिळतात.

वळणबिंदू कुठे ठेवायचा? वजनाच्या प्रमाणात ३० बारचे १६ केले, तर ०.८ जीला पुढचा वाटा जवळपास ७२ टक्के होतो. सुरक्षित आहे, पण मागचे ब्रेक अर्धे रिकामे बसतात आणि थांबायचं अंतर वाढतं. २२ बार, म्हणजे सुमारे ३२० पीएसआय ठेवला तर ०.६५ जीपर्यंत व्हॉल्व्ह बाजूला राहतो आणि ०.८ जीला पुढचा वाटा ६८ टक्के येतो. भार ६६ टक्के मागतो, आपण ६८ देतो. एवढी राखीव जागा मला योग्य वाटते, कारण टायर, पॅड आणि तापमान यांनी एखाददोन टक्के इकडेतिकडे होतातच.

पायरी ५: बसवणी

व्हॉल्व्ह फक्त मागच्या सर्किटमध्ये, मागचा पाइप दोन चाकांकडे फुटतो त्याच्या आधी. प्रत्येक चाकाला वेगळा लावला आणि दोघांचे वळणबिंदू जुळले नाहीत तर गाडी एका बाजूला ओढते. डोनरचा व्हॉल्व्ह आणि नवा बदलता येणारा व्हॉल्व्ह एकामागे एक लावू नका, दोघांच्या रेषा एकमेकांत मिसळून काय निघेल ते सांगता येत नाही. बाणाची दिशा तपासा. जागा एक्झॉस्टपासून दूर, ब्रॅकेट पक्का आणि पाइपाला हिसका न देणारा.

चुड्यांकडे, म्हणजे नट-पाइपाच्या आट्यांकडे, विशेष लक्ष द्या. युरोपीय गाड्यांत बहुधा एम-१० बाय १ च्या चुड्या असतात, तर जुन्या ब्रिटिश आणि अनेक रेसिंग भागांत ३/८ इंच यूएनएफ. ३/८ इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर, आणि दोन्हींचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) जवळपास सारखा. त्यामुळे ३/८ चा नट एम-१० च्या भोकात फिरतो आणि घट्ट झाल्यासारखा वाटतो. दाब आला की तो चुड्यांतून सुटून बाहेर येतो. प्रत्येक नट व्हर्नियर कॅलिपरने मोजा. पाइपाच्या टोकाचा फुगवटाही समोरच्या भागाच्या बैठकीशी जुळणाराच हवा. गोल फुगवटा आणि उलट दुमडलेलं टोक एकमेकांत चालत नाहीत.

याच टप्प्यावर मास्टर सिलिंडरमध्ये उरलेला दाब धरून ठेवणारी झडप आहे का तेही पाहा. ती वेगळ्या कामाची. ड्रमसाठी ती सुमारे १० पीएसआय धरते. मास्टर सिलिंडर कॅलिपरच्या खाली असेल तर डिस्कसाठी २ पीएसआयची लावतात. डोनरला मागे ड्रम होते आणि तुम्ही डिस्क लावल्या, पण १० पीएसआयची झडप राहून गेली, तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि तापतात.

पायरी ६: हवा काढणे

साध्या प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हला काही खास लागत नाही, पेडल हळू आणि पूर्ण दाबा. जडत्वाच्या व्हॉल्व्हसाठी गाडी सपाट ठेवा. फक्त मागची बाजू जॅकवर उचलली तर नाक खाली जातं, गोळी पुढे घरंगळते आणि मागची वाट बंद होते. मग हवा काढायच्या निपलमधून ऑइल नीट येत नाही आणि दोष मास्टर सिलिंडरवर जातो.

पायरी ७: दाबाची चाचणी

ही पायरी सोडायची नाही, व्हॉल्व्ह नवा असला तरी. पुढच्या एका कॅलिपरच्या आणि मागच्या एका चाकाच्या निपलच्या जागी ० ते १०० बारचे दोन दाबमापक लावा, त्यांतलीही हवा काढा. पेडल हळूहळू दाबत पुढचा दाब ५, १०, १५ असा ६० बारपर्यंत न्या आणि प्रत्येक वेळी मागचा लिहून घ्या. आलेख कागदावर काढला की रेषा कुठे मोडते ते लगेच दिसतं. २२ बारवर वळण आणि ०.४३ चा उतार (वाढ ५७ टक्क्यांनी कमी झाल्यावर उरते ती) असेल, तर पुढे ४० बार असताना मागे जवळपास ३० दिसायला हवेत.

मग ६० बारवर पेडल धरून ठेवा. काटा उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. पेडल सोडल्यावर दोन्ही काटे लगेच शून्यावर आले पाहिजेत. मागचा काटा रेंगाळला तर व्हॉल्व्ह आतून अडकतो आहे. तीस-चाळीस वर्षं जुन्या सिएराच्या व्हॉल्व्हमध्ये रबर फुगलेलं आणि पिस्टनवर गंज असणं स्वाभाविक आहे. तो उघडून, पुसून परत लावू नका. बदला.

जडत्वाच्या व्हॉल्व्हची अशी चाचणी उभ्या गाडीत अर्धीच होते, कारण मंदन नाही. रोलर टेस्टरवरही तेच: चाकं फिरतात पण गाडी जागची हलत नाही, गोळी चढत नाही, आणि मागचा जोर पूर्ण दिसतो. आयव्हीएला जाताना असा व्हॉल्व्ह आहे हे आधीच सांगा आणि कोनाची नोंद व आकडेमोड सोबत ठेवा. मला स्वतःला या कारणाने दाबावर चालणारा व्हॉल्व्ह जास्त सोपा वाटतो. त्याचं वागणं कुठेही मोजून दाखवता येतं.

पायरी ८: धावपट्टीवर

नोंदणी न झालेली गाडी ब्रिटनमध्ये रस्त्यावर सरावासाठी नेता येत नाही. विमा असेल तर ठरलेल्या तपासणीला नेता येते, एवढंच. म्हणून ही चाचणी खासगी जागेवर, जुन्या विमानतळाच्या धावपट्टीसारख्या मोकळ्या ठिकाणी. आधी पॅड बसवून घ्या, म्हणजे मध्यम वेगावरून हलके ब्रेक मारत दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना घासून जुळू द्या. नव्या पॅडवर घेतलेला निकाल फसवा असतो.

व्हॉल्व्ह मागचा दाब सर्वात कमी देईल अशा टोकाला ठेवून सुरुवात करा. बाहेर सुरक्षित अंतरावर एक माणूस उभा करा, त्याचं काम फक्त चाकं बघणं. ताशी ३० मैलांवरून सरळ रेषेत ब्रेक, मग थोडा जास्त वेग, आणि प्रत्येक वेळी पुढची चाकं आधी जाम होतात याची खात्री. नंतर बटण थोडं थोडं फिरवत हिशोबाने काढलेल्या जागेपर्यंत या. तिथे मागची चाकं आधी जाम झाली तर हिशोबाला चिकटू नका, मागे या आणि वजनं पुन्हा तपासा.

ओल्या पट्टीवरही करा. ओल्यात मंदन ०.४ ते ०.५ जीवर थांबतं, वळणबिंदू गाठलाच जात नाही, म्हणून तिथे तुमच्या कॅलिपर-डिस्कच्या मूळ प्रमाणाची परीक्षा होते. कोरड्यात व्हॉल्व्हची. दोन्ही वेगळ्या परीक्षा आहेत.

जागा पक्की झाली की बटण किंवा बायस बार असा बंद करा की हत्यारांशिवाय कुणाला फिरवता येणार नाही: भोक पाडून पिन, वेल्डचा टाका किंवा लीव्हर काढून टाकणं. चालकाला सीटवरून पुढचा-मागचा तोल बदलता येणं आयव्हीएला चालत नाही, आणि ते बरोबरच आहे.

भारतात हे कुठे लागतं

आपल्याकडे डोनरचे भाग जोडून बांधलेली गाडी रस्त्यावर आणणं कायद्याने जवळपास शक्य नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी कंपनीच्या मूळ नमुन्यात फेरफार करायला फारशी जागा ठेवलेली नाही. पण पिथमपूरच्या बाजा एसएई इंडिया किंवा फॉर्म्युला भारत या स्पर्धांसाठी गाडी बांधणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे गणित जसंच्या तसं लागतं. त्यांची गाडी याहूनही हलकी असते आणि छोट्या मोटारीचा टँडम मास्टर सिलिंडर किंवा कॅलिपर लावला की डोनरच्या व्हॉल्व्हचा वळणबिंदू आणखी दूर जातो. स्पर्धेच्या ब्रेक चाचणीत चारही चाकं जाम व्हावी लागतात, म्हणून मागचा दाब फार कमी करूनही चालत नाही. तिथे पायरी ३ आणि ७ नीट करा.

नंतरची काळजी

वेगळ्या रुंदीचे टायर, वेगळे पॅड, हलकं किंवा जड इंजिन, बदललेली गाडीची उंची: यातलं काहीही झालं की वजन आणि दाबाची चाचणी परत करायची. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि व्हॉल्व्हचा पिस्टन आतून गंजतो. त्याच वेळी दोन दाबमापक पुन्हा लावून जुन्या आलेखावर नवे बिंदू टाका. वळण दोन-तीन बार सरकलेलं दिसलं तर व्हॉल्व्ह बदलायची वेळ झाली आहे.